पाणवठ्याची वेगवान मेमरी

एका जंगलात एक पाणवठा होता आणि एक कॉम्प्युटर होता. मुलांनो, पाणवठा आधीपासून होता. कॉम्प्युटर नंतर आला.

तो कसा आला तेही सांगतो. एकदा माणसांचे एक शिबिर त्या जंगलात उतरले. निसर्गावर प्रेम कसे करावे हे शिकायला ती माणसे आली होती. जाताना ती बरेच काही विसरून गेली. वेफर्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एक छत्री आणि उन्हावर चालणाऱ्या पाट्यांसकट एक अख्खा कॉम्प्युटर. पिशव्या अजून तिथेच आहेत. कॉम्प्युटर मात्र प्राण्यांनी उचलला आणि एका गुहेत नेऊन ठेवला.

तो चालवायचे काम चपलसेन नावाच्या वानराकडे आले. कारण साऱ्या जंगलात त्याचीच बोटे कीबोर्डावर बसत होती. त्याच्याआधी अस्वलाने एकदा प्रयत्न केला होता. त्या दिवसापासून कीबोर्डावर 'क' उरला नाही.

आता या कॉम्प्युटरला काम काय होते? मुलांनो, उन्हाळ्यात त्या जंगलातले सगळे ओढे आटत. एकच पाणवठा उरे. तहान सगळ्यांनाच लागते, खाणाऱ्यांना लागते आणि ज्यांना खातात त्यांनाही लागते. सगळे एकदम पाण्यावर आले तर पाणी कमी आणि जेवण जास्त व्हायचे. म्हणून नंबर लावलेले होते. आज पाणी किती आहे, कोण आजारी आहे, कुणाची पिल्ले लहान आहेत, बिबट्या शेवटचा कधी जेवला, हे सगळे कॉम्प्युटर लक्षात ठेवी आणि ज्याला त्याला नंबर देई. प्रत्येकाने आपल्या वेळेला गुहेशी यायचे आणि नंबर विचारून जायचे. मग भोंगा वाजे. एकाचे पिऊन झाले, की थोड्या वेळाने पुन्हा भोंगा. मग पुढचा नंबर.

असे कितीतरी उन्हाळे गेले. पाणवठ्यावर कुणी कुणाला खाल्ले नाही. लांब जाऊन खात. पण ते नियमात बसत होते.

चपलसेनाची एक मैत्रीण होती. बिंदुमती नावाची चितळ. चपलसेन झाडावर बसून कोवळी पाने खाई आणि अर्धी खाली टाकी. बिंदुमती ती खाई. दोघांची लहानपणापासूनची ओळख. तिचा थोरला भाऊ शृंगधर हा कळपाचा म्होरक्या होता. पाण्यावर गेले की तो सगळ्यांना आधी पिऊ देई आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी पिई.

एके दिवशी काकदत्त नावाचा कावळा दरबारात आला. चकचकीत वस्तू शहरातून उचलायच्या आणि जंगलोजंगली नेऊन खपवायच्या, हा त्याचा धंदा. त्याच्या चोचीत एक डबी होती. डबीत चार पट्ट्या होत्या.

"महाराज," तो म्हणाला, "ही कॉम्प्युटरची मेमरी. नव्या पिढीची."

प्रचंडप्रताप महाराज म्हणजे त्या जंगलाचा वाघ. त्यांनी विचारले, "आमच्याकडे आहे ती कशी आहे?"

"ती जुनी आहे, महाराज."

"जुनी म्हणजे वाईट?"

"जुनी म्हणजे जुनी."

हे महाराजांना लगेच पटले.

दरबारात एक म्हातारा रानगवा होता. त्याला सगळे आबा म्हणत. त्याने विचारले, "या नव्या मेमरीनं पाणी लवकर मिळेल का?"

"पाणी नाही. उत्तर लवकर मिळेल."

"आता किती वेळ लागतो उत्तराला?"

"पापणी लवायच्या आत मिळतं," चपलसेन म्हणाला.

"आणि मग?"

"मग पापणी लवायचा विचार मनात यायच्या आत मिळेल," काकदत्त म्हणाला.

आबांनी थोडा विचार केला. मग ते रवंथ करू लागले.

चपलसेनाने जुन्या पट्ट्या काढल्या आणि नव्या चार बसवल्या. कॉम्प्युटर सुरू केला. पडदा काळा राहिला. तो काळाच राहिला. ऊन चढले. नंबर मिळेनात, म्हणून प्राणी आपापल्या सावलीत जीभ बाहेर काढून बसले.

"मेला का तो?" महाराजांनी विचारले.

"छे, छे! तालीम करतोय," काकदत्त म्हणाला. "नवी मेमरी बसवली की आधी यंत्राची आणि तिची तालीम होते. एकमेकांचा अंदाज घेतात. नव्या पिढीला थोडा वेळ द्यावा लागतो."

वेगवान व्हायला इतका वेळ लागतो, हे जंगलाला त्या दिवशी कळले. अखेर पडदा उजळला. कोपऱ्यात आकडा आला. काकदत्ताने तो वाचला. अठ्ठेचाळीसशे.

"डबीवर काय लिहिलंय?"

"सहा हजार, महाराज."

महाराज उठून उभे राहिले. "मग मधले बाराशे कुठे गेले? कुणी खाल्ले?"

सगळ्या दरबाराने तरसाकडे पाहिले.

"कुणी खाल्ले नाहीत, महाराज," काकदत्त घाईने म्हणाला. "यंत्र मुळात भित्रं असतं. आपल्या जिवाला झेपेल तेवढंच धावतं. डबीवरचा वेग हवा असेल तर त्याला मागून ढोसावं लागतं. तशी सोय आत आहे."

चपलसेनाने ती सोय शोधून काढली. एक कळ दाबली. पुन्हा काळा पडदा, पुन्हा तालीम. मग आकडा आला, सहा हजार. दरबारात एकच जल्लोष झाला. चपलसेन गुहेवरच्या झाडावर चढला आणि साऱ्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले. तसे ते नेहमीच मान वर करून पाहत, कारण तो झाडावर असे. पण त्या दिवशीचे पाहणे निराळे होते. चपलसेनाला ते फार आवडले. मुलांनो, इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते.

पण काकदत्ताने जाता जाता मागे वळून म्हटले, "शेजारच्या जंगलात बहात्तरशेवर चालते म्हणे."

आणि तो उडून गेला. त्याला आणखी बरीच जंगले करायची होती.

महाराजांना त्या दिवशी जेवण गेले नाही. संध्याकाळी त्यांनी चपलसेनाला बोलावले. "आपल्याला आठ हजार पाहिजे."

"महाराज, डबीवर सहाच आहे."

"डबी कुणी लिहिली? माणसांनी. माणसांचं आपण केव्हापासून ऐकायला लागलो?"

चपलसेनाने खरे तर नाही म्हणायला हवे होते. पण मान वर करून पाहणारा तो दरबार त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. "बघतो," तो म्हणाला.

मग तो जो गुहेत शिरला, तो झाडावर दिसेनासाच झाला. काम सोपे नव्हते. चारही पट्ट्या बसवल्या की आठ हजारांवर यंत्र उठेच ना. दोन काढल्या, तर निदान हलले. पण महाराज पाहायला आले आणि म्हणाले, "दोन खाचा रिकाम्या? कुणी पाहुणा आला तर आपण दरिद्री दिसू." तेव्हा चपलसेनाने रिकाम्या खाचांत बांबूच्या कपच्या खोचल्या. महाराजांचे समाधान झाले.

पट्ट्या एकाच कारखान्यातल्या, अगदी जुळ्या बहिणींसारख्या. पण त्यातली एक धावे आणि दुसरी धापा टाके. कुठली कशी निघेल ते नशीब. त्याने अदलाबदल करून पाहिली. मग विजेचा दाब वाढवला. दाब वाढला तशा पट्ट्या तापल्या. तापल्या तसे यंत्र मध्येच निपचित पडू लागले. दर वेळी त्याला आधीचे सगळे विसरायला लावायला त्याच्या पोटातला नाण्याएवढा सेल काढायचा, परत घालायचा आणि तालीम संपेपर्यंत काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. शेवटी मोराला गुहेच्या तोंडाशी उभे केले आणि पिसारा हलवत राहायला सांगितले. मोराला वाटले, आपला सत्कार आहे. तो हलवत राहिला.

एकदा बिंदुमती गुहेशी आली.

"अरे, हल्ली झाडावर नसतोस. पानं कोण टाकणार?"

"थांब गं थोडे दिवस. मोठं काम चाललंय."

"कसलं?"

"आठ हजार!"

"कशाचे?"

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. बिंदुमती मग गेली.

अखेर एका गार सकाळी पडद्यावर आठ हजार उमटले आणि टिकले. चपलसेनाने चाचणी लावली. एकही चूक सापडली नाही. मुलांनो, नव्या पिढीच्या मेमरीचा एक गुण असतो. ती आपल्या बारीकसारीक चुका आपल्याआपण दुरुस्त करते आणि त्याबद्दल कुणाला सांगत नाही. त्यामुळे तिच्या चुका फार वाढेपर्यंत कळतच नाहीत. चपलसेनाला हा तिचा चांगुलपणा वाटला.

महाराजांनी त्याची पाठ थोपटली. वाघाने पाठ थोपटली की ती पुढे बरेच दिवस दुखते. पण चपलसेन खूश होता.

त्यानंतर ऊन फार वाढले. एका दिवशी सकाळी बिंदुमती नेहमीसारखी नंबर विचारायला आली. चपलसेनाने पडद्यावर पाहिले. "चितळं, सहावा."

दुपार झाली. वारा पडला. मोर दमला आणि सावलीला निघून गेला. गुहा भट्टीसारखी तापली. चपलसेन पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे डोळे लावून बसला होता. आकडा पडता कामा नये, एवढीच त्याला काळजी. इतक्यात चित्रक आला. चित्रक म्हणजे बिबट्या. अतिशय सभ्य प्राणी.

"नमस्कार चपलसेन. आमचा नंबर?"

कॉम्प्युटरच्या लेखी सहा आणि सात यांत फरक एका ठिपक्याचा असतो. ठिपका पेटला तर सात, विझला तर सहा. बिबट्याचा नंबर सातवा होता. पण तापलेल्या पट्टीत तो ठिपका विझला होता.

चपलसेनाने आकड्यावरची नजर न हलवता डोळ्याच्या कडेने यादीत दिसले ते वाचले. "सहावा."

"आभारी आहे," म्हणून चित्रक निघून गेला.

सहाव्यांदा भोंगा वाजला तेव्हा चितळांचा कळप पाण्यावर उतरला. पोरांनी तोंडे पाण्याला लावली. शृंगधर मागे उभा होता. तेवढ्यात समोरच्या करवंदीच्या जाळीतून चित्रक बाहेर आला. त्याचाही नंबर होता. आणि पुढ्यात उभे असलेले जेवण न घेण्याबद्दल नियमात काही लिहिलेले नव्हते, कारण असे होईल हे कुणाला वाटलेच नव्हते.

शृंगधर ओरडला. कळप उधळला. पोरे सुटली, बिंदुमती सुटली. शृंगधर पोरांच्या आणि बिबट्याच्या मध्ये राहिला. तो नंतर आला नाही.

चपलसेन गुहेतून धावत आला तेव्हा पाणी गढूळ झाले होते आणि काठावर बिंदुमती उभी होती. तिने त्याला एवढेच विचारले, "आमचा नंबर सहावा होता ना?"

"हो."

"मग त्याचा?"

चपलसेनाला तेव्हा आपल्या तोंडचे शब्द आठवले. त्याने दोघांनाही सहाच सांगितले होते. तो मटकन खाली बसला. बिंदुमतीने त्याच्याकडे पाहिले आणि ती कळपाच्या मागे निघून गेली.

संध्याकाळी दरबार भरला. चित्रकाने सांगितले, "मी नंबर विचारून गेलो होतो. मला झाल्या प्रकाराचं अतिशय वाईट वाटतं." तो मिशा पुसत होता.

चपलसेन पुढे आला. "महाराज, कॉम्प्युटरनं दोघांना एकच नंबर दिला आणि मी डोळे मिटल्यासारखा वाचला. एवढा वेग त्याला झेपत नाही. आकडा खाली आणायला पाहिजे."

"चला, बघू," महाराज म्हणाले.

सगळे गुहेशी गेले. आता गार वारा सुटला होता. मोरही परत आला होता. यंत्र नव्याने सुरू केले. तालीम झाली. यादी आली. चितळ सहावा, बिबट्या सातवा. अगदी बरोबर.

"यंत्र निर्दोष आहे," महाराज म्हणाले. "आणि उत्तर किती झटकन दिलं, पाहिलंत ना?"

"पण महाराज, दुपारी..."

"दुपारी तू दमला होतास. दमलेल्याला सातचे सहा दिसतात. तुला माफ केलं."

मग निकाल लागला. यंत्र निर्दोष. चित्रक निर्दोष. वानर माफ. राहता राहिली चितळं. महाराजांनी बराच विचार करून सांगितले, "चितळं पाणी फार सावकाश पितात. यंत्र आठ हजारांवर चालतं आणि ही मंडळी अजून एकेक घोट घेतात! काळाबरोबर बदलायला नको का? उद्यापासून चितळांनी भराभर प्यावं."

आबा हळूच म्हणाले, "शृंगधर पीत नव्हता, महाराज. तो उभा होता."

"म्हणजे त्यानं तर सुरुवातही केली नव्हती," महाराज म्हणाले. दरबार संपला.

चपलसेन एकटाच गुहेत परतला. पडद्याच्या कोपऱ्यात आठ हजारांचा आकडा चमकत होता. त्याला तो पाहवेना. त्याने यंत्र बंद केले. बांबूच्या कपच्या उपटून फेकल्या. चारही पट्ट्या बसवल्या, विजेचा दाब उतरवला आणि वेग थेट अठ्ठेचाळीसशेवर आणला. पुढे भर दुपारी मोर नसताना त्याने चाचणी लावली. यंत्र शांतपणे चालत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून महाराज रोज विचारत, "कितीवर आहे?"

महाराजांना आकडा वाचता येत नव्हता. सांगितलेला ऐकता येत होता. आणि वाचणारा काकदत्त तोवर कुठल्या कुठे गेला होता.

"आठ हजार, महाराज," चपलसेन सांगे. सांगताना त्याची मान खाली असे. महाराजांना तो विनय वाटे.

उन्हाळा तसाच सरत गेला. पुन्हा एकदाही दोघांना एक नंबर मिळाला नाही. पाणवठ्यावर कुणाचा ओरडा ऐकू आला नाही. तेव्हा महाराजांनी जाहीर केले, की हा सगळा वेगाचा प्रताप आहे आणि चपलसेनाचा जाहीर सत्कार होणार.

सत्काराच्या आदल्या दिवशी चपलसेन स्वतःहून बिंदुमतीकडे गेला. त्या दुपारनंतर दोघे बोलले नव्हते.

"बिंदू, उद्या मी सगळ्यांपुढे खरं सांगून टाकणार आहे. मी वेग कधीच उतरवलाय. या खोट्याचा हार मला नको. शृंगधरदादाच्या नावानं तरी खरं बोलतो."

बिंदुमती म्हणाली, "तू खरं सांगितलंस तर महाराज काय करतील?"

"मला काढून टाकतील."

"आणि तुझ्या जागी?"

"मुंगूस कधीचा टपून बसलाय. त्यानं नखांनी कीबोर्ड दाबायला शिकून घेतलंय. नऊ हजार करून दाखवतो म्हणतो."

"आणि परवा पाण्यावर कोण जाणार आहे?"

चपलसेन पाणवठ्याकडे पाहू लागला.

"माझी पोरं जाणार आहेत," बिंदुमती म्हणाली. "दादा गेला. तुझ्या खऱ्यानं तो परत यायचा नाही. तुला मन हलकं करायचं आहे, ते कळतं मला. पण नको करूस. तसंच जड ठेव. तेवढं तरी आमच्यासाठी कर."

ती रागाने बोलत नव्हती. रागाने बोलली असती तर त्याला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी सगळे जंगल जमले. चपलसेनाच्या गळ्यात बहाव्याच्या पिवळ्याधमक फुलांचा हार पडला. त्याला 'वेगभूषण' ही पदवी देण्यात आली. महाराजांचे भाषण झाले. "काही भित्रे लोक वेग कमी करा म्हणत होते. त्यांचं ऐकलं असतं तर आज काय झालं असतं?" असे त्यांनी विचारले. टाळ्या पडल्या. चितळांना टाळ्या वाजवता येत नाहीत. त्यांनी खूर आपटले. बिंदुमतीनेही आपटले. सगळ्यांत आधी चित्रकाने "वा!" म्हटले.

भाषणाच्या शेवटी महाराज चपलसेनाकडे वळले. "पुढच्या उन्हाळ्यात दहा हजार पाहिजे. जमेल?"

सगळे जंगल मान वर करून पाहू लागले. चपलसेनाने समोर पाहिले. बिंदुमतीची पोरे तिच्या पोटाखाली ढुशा देत होती आणि बिंदुमती त्याच्याचकडे पाहत होती.

"जमेल, महाराज," वेगभूषण म्हणाला. "तुम्ही म्हणाल तेवढं जमेल. आणि नवी मेमरीसुद्धा आणावी लागणार नाही."

*

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरे बोलावे. मात्र बोलण्यापूर्वी आपल्यानंतर पाण्यावर कोण जाणार आहे ते पाहून घ्यावे. आणि ज्यांना वेग फार आवडतो त्यांना तो रोज सांगावा, पण यंत्राला सांगू नये.